अकरावी चिठ्ठी

अनंत घरतला मी शेवटचं भेटलो तेव्हा तो पनवेलच्या एका हॉस्पिटलात खाटेवर पडून एका यंत्राशी वाद घालत होता. त्याच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला होता आणि उशाशी पडद्यावर सत्त्याण्णव हा आकडा दिसत होता. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला दारातच गाठलं. "भावोजी, सत्त्याण्णव आहे. आता काळजी नको म्हणाले." चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मी आत गेलो तर अनंताने डोळ्यांनीच पडद्याकडे खूण केली. "लेखक, आकडा बघू नकोस. खालची लाट बघ." खालची लाट म्हणजे नाडीबरोबर वरखाली होणारी रेषा. ती जवळजवळ सपाट होती. "बोट गार पडलंय. यंत्राच्या हाती काही लागत नाहीये, तरी ते आकडा देतंय. गप्प बसायची सवय नाही ना त्याला." मग सिस्टरला म्हणाला, "कानाला लावून बघता का?" सिस्टर हसली. "काका, नाइंटी सेव्हन म्हणजे एकदम फर्स्ट क्लास." "असेल. पण ते माझं नाही." तिने कानाचा वेगळा चिमटा आणून लावला. थोडा वेळ गेला... रेषेत लाटा दिसायला लागल्या आणि आकडा शहाऐंशीवर येऊन थांबला. मग धावपळ झाली, मास्क आला, डॉक्टर आले. वहिनी रागावल्या त्या नवऱ्यावरच. "कशाला बोललात? चांगलं होतं ना सगळं!" अनंता मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटला. मी वाकलो. "अकरावी राहिली, लेखक," तो म्हणाला. चौथ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला.

त्याला आता पाच आठवडे झाले. दहाव्याच्या आत त्यांच्या सोसायटीच्या नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यात अनंताचा फोटो पासपोर्टच्या मापाचा होता आणि श्रद्धांजली वाहणाऱ्या स्थानिक नेत्याचा त्याच्या चौपट. गेलेला कोण आणि राहिलेला कोण हे ओळखायला अनोळखी माणसाला हाराचाच आधार होता. अनंताला हे पाहून हसू आलं असतं असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. फ्लेक्सवर तो कधी हसत नसे. त्याचं कारण पुढे येईल.

अनंता मूळचा चिरनेरकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. पॉलिटेक्निक करून तो तळोज्याच्या बाजूच्या एका छोट्या कंपनीत लागला. मीही तिथेच होतो, पण माझं काम कागदाचं. यंत्राबरोबर जाणारी पुस्तिका, निविदेची पत्रं, साहेबांची भाषणं, पाहुण्यांसाठी मानपत्र... जे जे लिहायचं असे आणि कुणाला लिहायचं नसे, ते मी लिहीत असे. म्हणून मी 'लेखक'. हा किताब अनंतानेच दिला, आणि त्यात कौतुकाचा अंश नव्हता. कंपनी गाडीच्या टपावर बसणाऱ्या अँटेना बनवायची. पूर आला, दरड कोसळली, फोन बंद पडले, की अशी गाडी तिथे न्यायची, बटण दाबायचं, आणि टपावरची ताटली आपोआप उठून आकाशात उपग्रह शोधायची. सापडला की हिरवा दिवा लागायचा आणि त्या गावातून जगाशी बोलता यायचं. ऐकायला सोपं आहे. अँटेनाला डोळे नसतात, हीच काय ती अडचण. तिला फक्त एक आकडा कळतो, सिग्नल किती येतोय तो. त्या एका आकड्यावरून तिने ठरवायचं की आपण बरोबर ठिकाणी बघतोय की नाही. आणि तो आकडा खरा मोजणं हे अनंताचं काम.

त्यातलं मला काही कळत नाही म्हणून एका रविवारी तो मला नेऱ्याच्या पुढे डोंगरात घेऊन गेला. धुकं असं की पुढच्या माणसाची पिशवी दिसावी, माणूस दिसू नये. तासभर चढून एका जागी चढ संपला. चारी बाजूंना उतार. मी बैठक मारून डबा उघडला आणि माथा आला असं जाहीर केलं. अनंता उभाच राहिला. अर्ध्या भाकरीच्या सुमारास धुकं हललं आणि समोर, आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, खरा डोंगर उभा होता. "हे बघ," तो म्हणाला, "आपण टेकाडावर बसून जेवतोय. अँटेनाचं असंच होतं. उपग्रहाच्या खऱ्या सिग्नलच्या बाजूला अशी खोटी टेकाडं असतात. तिथे चढलं की चारी बाजूंना उतारच लागतो. तिला वाटतं, झालं, पोचलो. आणि तिचं धुकं कधी हटत नाही."

"मग तिला कळायचं कसं?"

"खाली उतरून. आधी कमी होतं, ते सोसायचं, आणि तरी पुढे जाऊन बघायचं... लोकांना कमी झालेलं चालत नाही ना पण."

दुसरी गोष्ट तो शिकवायचा ती थांबण्याची. अँटेना हलली की लगेच वाचलेला आकडा मागच्या जागेचा असतो, शिवाय तो थरथरत असतो. म्हणून हलवायचं, थांबायचं, निवू द्यायचं, मग वाचायचं. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की काही विचारलं तरी तो आधी थांबे. नवीन माणसाला वाटे, याला ऐकू कमी येतं. वहिनी सांगायच्या, "बघायला आले तेव्हा यांना विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे गप्प. माझी आई आत रडायला लागली. तिचे डोळे पुसून होईस्तोवर हे हो म्हणाले." अनंता त्यावर म्हणे, "मग बरोबर निघालं की नाही रीडिंग?" आणि वहिनी म्हणत, "तुमचं निघालं. माझं कुणी घेतलंच नाही."

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. कंपनीची पहिली गाडी तयार झाली आणि लोकार्पण ठरलं. मोठे पाहुणे येणार होते. मैदानात मंडप, लाल गालिचा, शिंगं-तुताऱ्या, आणि गाडीला झेंडूच्या इतक्या माळा की ती वरातीला निघाल्यासारखी दिसत होती. पाहुण्यांच्या स्वागताला आयोजकांनी लोखंडी सांगाड्यावर दोन मजली फलक उभा केला होता. मानपत्र मीच लिहिलं होतं. 'आकाशाला गवसणी' हे शब्द त्यात होते, हे कबूल करतो. अनंताने सकाळी येऊन एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "त्यांचं तोंड उपग्रहाच्या आड येतंय." खरोखरच तसं होतं. उपग्रह ज्या दिशेला होता तिथेच पाहुण्यांचा हसरा चेहरा, मागे लोखंडाची जाळी. फलक हलवणं शक्य नव्हतं, हे कुणालाही कळेल. गाडी हलवावी तर नारळ वाढवायची जागा गुरुजींनी आखून ठेवलेली. बटण दाबून पाहिलं. ताटली उठली, फिरली, फिरतच राहिली. दिवा पिवळा. आमचे साहेब घामाघूम. "घरत, काहीही करा, पण दिवा हिरवा करा. सर दहा मिनिटांत येतील."

अनंता थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. मग गाडीत शिरला आणि त्याने एक आकडा खाली आणला. सिग्नल किमान किती असला तर दिवा हिरवा करायचा, तो आकडा. पाहुण्यांनी बटण दाबलं, फलकाच्या कडेने कुठून तरी आलेल्या पुसट सिग्नलवर दिवा हिरवा झाला, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. मंडपातल्या पडद्यावर उपग्रहावरून आलेलं म्हणून जे चित्र दिसलं ते दुसऱ्या खोलीतून तारेने येत होतं, हे माहीत असणारे आम्ही चौघे होतो. आकडा उद्या परत वर न्यायचा होता. उद्या अनंताचा सत्कार होता. परवा साहेबांनी हुकूम काढला की लोकार्पणाच्या दिवशी चाललेली प्रणालीच पुढच्या सगळ्या अँटेनांत घालावी, तिला हात लावू नये, ती पायगुणाची आहे. आकडा परत वर न्यायला हवा, हे अनंताने सांगितलं. लेखी नाही, तोंडी. मला म्हणाला, "सांगितलंय मी." त्या दिवसांत त्याच्या आईचं आजारपण चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर मोकळ्या मैदानात अँटेना बहुतेक वेळा खऱ्या जागीच जाऊन थांबायची. अकरा गाड्या गेल्या. प्रत्येकीबरोबर माझी पुस्तिका गेली. तिच्यात सातव्या पानावर माझं वाक्य होतं : 'हिरवा दिवा लागल्यावर अँटेना उपग्रहाकडे अचूक वळली आहे असे निःशंकपणे समजावे.' 'निःशंकपणे' हा शब्द मला आवडला होता.

दोन पावसाळे निभावले. तिसऱ्यात कोकणातल्या एका खोऱ्यात पाणी चढलं. फोन बंद. आमची एक गाडी पोचली, दिवा हिरवा झाला, आणि संपर्क काही टिकेना. अर्धं वाक्य जायचं आणि तुटायचं. ऑपरेटरने तारा तपासल्या, जनरेटर बदलला, फोन बदलला. सगळं बदललं, फक्त अँटेनाला हात लावला नाही, कारण तिचा दिवा हिरवा होता. जवळपास तीन तासांनी निरोप गेला. तोवर नदीपलीकडच्या वाडीतली दोन म्हातारी माणसं वाहून गेली होती. होडी वेळेवर आली असती तरी ती वाचली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. अहवालात आलं, 'अतिवृष्टीमुळे संपर्कात व्यत्यय'. पाऊस आपली बाजू मांडायला येत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

अनंताने त्या दिवसाची नोंद मागवून घेतली आणि दोन दिवस तिच्यातले आकडे तपासत बसला. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेला, मीही बरोबर होतो. "पावसाने सिग्नल थोडा पडतोच," तो म्हणाला. "पण ती टेकाडावर बसली होती. गाठीला काही शिल्लकच नव्हतं. माझ्या त्या आकड्याने तिला तिथे बसू दिलं." साहेब सौम्यपणे म्हणाले, "घरत, तुम्ही हळवे झालाय. अहवालात तुमचं नावसुद्धा नाही." "तेच तर म्हणतोय, घाला." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे लोकार्पणाचा फोटो होता. अनंता तेव्हा जे बोलला ते कंपनीच्या भाषेत नव्हतं, त्याच्या घरच्या भाषेत होतं. "माझा बाप सांगायचा, वरून पांढरं दिसलं म्हंजे मीठ झालं नाय. खाली पाणीच हाय. मला ठावं होतं, सायेब. मला ठावं होतं नि मी फावडं घातलं." दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. मी दिला नाही. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो.

पहिल्यांदा तो गेला त्या पुरातल्या ऑपरेटरकडे. मला ओढूनच नेलं. माणूस घरी बसून होता. नोकरी गेली नव्हती, झोप गेली होती. आम्ही कोण हे कळल्यावर तो एकदम उठून आत गेला आणि पुस्तिका घेऊन आला. सातव्या पानाशी दुमडलेली. "दिवा हिरवा व्हता ओ साहेब. मी दोनदा वाचलं. हितं लिवलंय, निःशंकपणे." मला पाणी हवं होतं, पण मागवेना. अनंता खाली त्याच्याजवळ बसला. "तुझी चूक नाही. तू वाचलंस ते चुकीचं होतं, आणि दिव्याला मी खोटं बोलायला लावलं होतं." त्या माणसाने पुस्तिका मिटली. मग म्हणाला, "आधी का नाय आलात?"

परतताना पळस्प्याला चहा घेताना त्याने मला काम दिलं. "लेखक, सातव्या पानावर चिकटवायला चिठ्ठी लिही. गाडी गाडी फिरणार मी. आकडा बदलणार आणि चिठ्ठी लावणार." मी दीड पान लिहून दिलं. त्याने ते वाचलं, थांबला, आणि चार वाक्यं ठेवून बाकीचं खोडलं. 'हिरवा दिवा लागला तरी तेवढ्यावर विसंबू नये. अँटेना चारही बाजूंना लांबवर हलवून पाहावी. आधी सिग्नल कमी होईल. तरी पुढे जाऊन पाहावे.' इतकी वर्षं लिहून माझं हे एकच लिखाण कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, आणि त्यातलं निम्मं त्याचं.

अकरा चिठ्ठ्या छापल्या. पुढची चार वर्षं तो लोकांचे संगणक दुरुस्त करून पोट भरत होता आणि सुटी मिळाली की एसटी पकडून गाड्या शोधत होता. कुठे साहेब ओळखीचा निघे, कुठे चौकीदार चहावर राजी होई, कुठे गाडीच शेडमध्ये कोंबड्यांसकट सापडे. दहा झाल्या. अकरावी गोवा रस्त्याने खाली एका सरकारी आवारात होती. तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं : गाडी उत्तम चालते, दिवा हिरवा लागतो, बदल करायचा तर कंपनीचं पत्र आणा. कंपनी पत्र देणार नव्हती, कारण पत्र देणं म्हणजे कबूल करणं. अनंता तीनदा जाऊन हात हलवत परत आला. मी म्हटलं, गुपचूप करून टाक, कोण बघतंय? तो म्हणाला, "मागच्या वेळी गुपचूपच केलं होतं."

तेरावं झाल्यावर वहिनींनी त्याच्या पिशवीतून अकरावी चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. घामाने कडा पिवळ्या झाल्या होत्या. मागच्या आठवड्यात मी गेलो. अधिकारी नवीन होते, उत्तर जुनं. यंत्राला काही जोडायचं नाही, आणि तसंही ते मला येत नाही. मी विचारलं, पुस्तिकेत एक कागद चिकटवला तर? त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. त्यावर सही-शिक्का नाही, म्हणजे त्याने काही बिघडणार नाही, असं त्यांचं मत पडलं. गाडीचा ऑपरेटर पन्नाशीचा होता, सगळे त्याला नाना म्हणत. पुस्तिका सुतळीने स्टिअरिंगला बांधलेली. मी सातवं पान उघडून 'निःशंकपणे'वर चिठ्ठी चिकटवली. नाना मान तिरकी करून वाचत होता. "कमी होईल म्हनता, नि पुढं जा म्हनता? उलटंच हाय." "करून तर बघा." आवारात मागे टाकी, बाजूला पत्र्याची शेड. त्याने बटण दाबलं. ताटली उठली, दिवा हिरवा झाला. "झाला की ओ." "आता हलवा." तो डावीकडे गेला, आकडा पडला, पडतच राहिला. परत आला. उजवीकडे गेला, आकडा पडला. "बघा, कमीच." "अजून थोडं पुढे." तो कुरकुरत पुढे गेला. आकडा तळाला गेला... मग हलला. मग चढायला लागला. जिथून निघालो होतो तिथवर आला आणि थांबला नाही, वर गेला, चांगला वर गेला. नानाचं बोट बटणावरच राहिलं. "आयला," तो म्हणाला. "हिकडं हाय तो." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हंजे इतकी वर्सं...?" मी मान हलवली.

मी त्याला म्हटलं, गाडी सुरू केली की दर वेळी हे करावं लागेल, कारण आतला आकडा तोच आहे. तो म्हणाला, "करीन." करेलही. त्याची बदली होईपर्यंत.

तसाच वहिनींकडे गेलो. अनंताच्या गच्चीवर चाचणीची एक जुनी अँटेना आहे. रोज चार वाजता आपली जागा सोडून, चारही बाजूंना जाऊन, खात्री करून ती परत येते, अशी त्याने तिला लावून ठेवली आहे. वहिनींनी मला बसायलाही सांगितलं नाही. "झाली ना अकरावी?" त्यांचा चेहरा अगदी तसा होता, सत्त्याण्णव सांगताना होता तसा. हो म्हणणं फार सोपं होतं. आयुष्यभर मी तेच लिहीत आलो. मी थांबलो... "अर्धी झाली, वहिनी. चिठ्ठी लागली. आकडा तसाच आहे." त्यांचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार तेवढ्यात वर मोटर घरघरली. वहिनींनी मान वर करून छताकडे पाहिलं आणि हात किंचित उचलला, थांबा म्हणून. एकदा घरघरलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मधल्या शांततेत आम्ही दोघं उभे. पाचव्यांदा घरघरून ती परत जागेवर आली, तेव्हाच वहिनींनी हात खाली घेतला.

"मग परत जायला लागेल," त्या म्हणाल्या. "या वेळी मी येते."